पेशंट सोडून प्रोफेसर व्हायचं का?

पत्र आलंय ते आधी देते, थोडं कमी करून.

"ताई, मी ४१ वर्षांची, फॅमिली फिजिशियन, एकाच जागी १२ वर्षं प्रॅक्टिस करतेय. एका मेडिकल कॉलेजात फॅमिली मेडिसिनचं नवीन डिपार्टमेंट सुरू होतंय, तिथून असिस्टंट प्रोफेसरची ऑफर आलीये. शिकवायची हौस मला पहिल्यापासून आहे, माझ्याकडे इंटर्न बसायला येतात तो दिवस वेगळाच जातो. पण माझ्या नावावर एकही पेपर नाही. बॅचमधला एक मित्र म्हणाला, सर्दी-खोकल्यात कसलं गं अकॅडेमिक्स, तुमच्याकडे रिसर्च करण्यासारखं असतं तरी काय. आणि कॉलेजवाले म्हणतायत की प्रॅक्टिस पूर्ण बंद करा आणि या. पेशंट सोडायचे या विचारानेच पोटात खड्डा पडतो. एक ८२ वर्षांचे आजोबा आहेत, त्यांना काय सांगायचं तेच सुचत नाहीये. तुम्ही हे सगळं केलंय म्हणून विचारते, जमेल का मला? आणि मला तू म्हणा, तुम्ही नको."

बरं, तूच म्हणते.

आधी त्या मित्राचं बघू, कारण त्याचं वाक्य तुला लागलंय हे पत्रातूनच कळतंय आणि ते मनात ठेवून तू कॉलेजात गेलीस तर पहिल्या दिवसापासून आपण इथे पाहुणे आहोत असं वाटत राहील. १९६१ साली कर व्हाइट नावाच्या डॉक्टरने आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी न्यू इंग्लंड जर्नल या अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा पेपर लिहिला होता. त्यांचा हिशोब असा, की १००० मोठी माणसं घेतली तर महिन्याभरात त्यातल्या ७५० जणांना काही ना काही दुखणंखुपणं होतं, २५० जण डॉक्टरकडे जातात, ९ जण हॉस्पिटलात अॅडमिट होतात, ५ जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं जातं, आणि युनिव्हर्सिटीच्या मोठ्या हॉस्पिटलात पोचतो फक्त १. आता विचार कर, विद्यार्थी शिकतात कुठे तर त्या एकाच्या खाटेशी, आणि रिसर्च होतो तोही बहुतेक त्याच एकावर. बाकीचे २४९ कोणाकडे गेले, त्यांचं पुढे काय झालं, त्यातले किती जण आपोआप बरे झाले आणि कोणाचं साधं वाटणारं दुखणं पुढे मोठं निघालं, हे ज्याच्या केस पेपरवर आहे तो माणूस म्हणजे तू. तुझा मित्र त्या एकावर काम करतो आणि ते कामही महत्त्वाचंच आहे, पण तुझ्याकडे रिसर्च करण्यासारखं काय असतं असं त्याने विचारावं हे मात्र मला पटत नाही.

आणि हे काही आजचं नाही. जेम्स मॅकेन्झी नावाचा डॉक्टर १८७९ पासून इंग्लंडातल्या बर्नली या गिरण्यांच्या गावात जनरल प्रॅक्टिस करायचा. त्याला प्रश्न पडला की नाडी मधेच चुकते अशा पेशंटचं पुढे होतं काय? त्या काळी चुकणारी नाडी म्हणजे हृदय गेलं असं धरून चालायचे, माणसाला कामधंदा बंद करायला लावायचे. याने नाडी कागदावर उमटवणारं यंत्र वापरलं आणि तेच तेच पेशंट वर्षानुवर्षं बघत राहिला, तेव्हा कळलं की काही प्रकारची अनियमितता अगदी निरुपद्रवी असते आणि काही मात्र खरंच धोक्याची. हे हॉस्पिटलात बसून कळलंच नसतं गं, कारण तिथे पेशंट आला, बरा झाला किंवा गेला, पुढच्या वीस वर्षांत त्याचं काय झालं ते कोण बघणार.

दुसरा विल्यम पिकल्स, इंग्लंडातल्याच वेन्स्लीडेल नावाच्या खोऱ्यातला खेड्यापाड्यांचा डॉक्टर. साथ आली की कोण कोणाला कधी भेटलं हे त्याला माहीत असायचं कारण सगळं गाव ओळखीचं, आणि तो रोजच्या रोज तक्ते भरायचा. त्यावरून त्याने साथीच्या काविळीचा संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत किती दिवस जातात ते काढलं. १९३९ मधे त्याचं खेड्यातल्या प्रॅक्टिसमधल्या साथींवरचं पुस्तक आलं आणि पुढे १९५३ मधे ब्रिटनमधल्या जनरल प्रॅक्टिशनर्सच्या कॉलेजचा तो पहिला अध्यक्ष झाला. त्याचं भांडवल काय होतं तर एकच जागा, ओळखीची माणसं आणि नोंदवही. तुझ्याकडे यातल्या दोन गोष्टी १२ वर्षांच्या जमा आहेत. नोंदी कशा आहेत ते तू लिहिलं नाहीस, त्याकडे परत येते.

हा विषय युनिव्हर्सिटीत शिरला तो फार उशिरा, हेही माहीत असू दे. जनरल प्रॅक्टिसचा जगातला पहिला प्रोफेसर एडिंबरा युनिव्हर्सिटीत झाला तो १९६३ मधे, रिचर्ड स्कॉट. इयन मॅकव्हिनी स्वतः इंग्लंडात वर्षानुवर्षं प्रॅक्टिस करून मग १९६८ मधे कॅनडात वेस्टर्न ऑन्टारिओ युनिव्हर्सिटीत गेला आणि त्या देशातला फॅमिली मेडिसिनचा पहिला प्रोफेसर झाला. अमेरिकेत तर या विषयाला स्वतंत्र बोर्ड, म्हणजे स्पेशालिस्ट म्हणून मान्यता देणारी संस्था, मिळालं १९६९ ला. म्हणजे सर्जरी-मेडिसिनच्या मानाने आपलं घर अजून बांधून व्हायचंय, त्यामुळे तुला कॉलेजात कोणी विचारलं की तुमचा विषय नेमका कोणता तर रागावू नकोस. मॅकव्हिनीने याचं जे उत्तर दिलं ते मला आजही पुरतं, की बाकीच्यांची बांधिलकी एखाद्या अवयवाशी, रोगाशी किंवा तंत्राशी असते, आपली माणसाशी असते, आणि त्याला कुठला आजार होणार हे ठरायच्या आधीपासून असते.

आता मुख्य मुद्दा, पेशंट सोडायचे का.

माझं मत स्पष्ट आहे, सगळे पेशंट सोडून ही नोकरी घेऊ नकोस. हे मी भावनेने म्हणत नाहीये, म्हणजे भावना आहेच, पण कामाच्या दृष्टीनेही ते चुकीचं आहे. नॉर्वेमधे प्रत्येक माणसाचं नाव एका ठराविक फॅमिली डॉक्टरकडे लावलेलं असतं, तिथल्या साधारण ४५ लाख लोकांच्या नोंदी बघून केलेला एक अभ्यास २०२२ मधे छापून आलाय. ज्यांचा डॉक्टर १५ वर्षांहून जास्त काळ तोच होता त्यांच्यात, पहिल्याच वर्षात असलेल्या लोकांच्या तुलनेत, मृत्यूचं प्रमाण सुमारे २५ टक्के कमी होतं, आणि तातडीने अॅडमिट व्हायचं प्रमाणही तसंच बरंच कमी. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यावरून हेच कारण असं ठामपणे म्हणता येत नाही, तब्येतीने बरी असलेली माणसं डॉक्टर कमी बदलत असतील असंही असू शकतं. पण वर्ष वाढत गेली तसा फरकही वाढत गेला, आणि ते मला दुर्लक्ष करण्यासारखं वाटत नाही. तर आपल्या विषयाचा गाभाच जर एकच डॉक्टर, तीच माणसं, अनेक वर्षं हा असेल, तर ज्या शिक्षिकेकडे स्वतःचा असा एकही पेशंट नाही ती मुलांना हे शिकवणार कशावरून? दोन-तीन वर्षं ती आठवणींवर शिकवेल, मग गोष्टी जुन्या होतात आणि मुलांना ते लगेच कळतं.

म्हणून कॉलेजशी बोलताना हो किंवा नाही म्हणायच्या आधी हे विचार, आणि उत्तर लेखी घे. आठवड्यातले किती अर्धे दिवस मी ओपीडीत असणार. त्या ओपीडीत माझे फॉलोअपचे पेशंट माझ्याच नावावर परत येणार की त्या दिवशी जो बसेल त्याच्याकडे जाणार, हे सगळ्यात महत्त्वाचं, यावर अडून बसलीस तरी चालेल. माझ्या जुन्या पेशंटना तिथे यायचं असेल तर येता येईल का. आठवड्यातला एक दिवस लिहिण्या-वाचण्यासाठी राखीव मिळणार का, आणि राखीव म्हणजे खरंच राखीव, मीटिंग लागली की तो जायचा असं नाही. प्रमोशनला नक्की काय मोजतात. यातलं ओपीडीचं उत्तर शून्य आलं तर सरळ नाही म्हण आणि उलट त्यांनाच सुचव की मी मानद शिक्षिका म्हणून येते, आठवड्यातून एक-दोन दिवस मुलं माझ्या क्लिनिकमधे पाठवा. नवीन डिपार्टमेंटला अशा जागांची गरज असतेच, त्यांना वाटतं त्यापेक्षा जास्त असते. पद छोटं मिळेल, पगार कमी, पण तीन-चार वर्षांनी तू परत बोलायला बसशील तेव्हा तुझ्या हातात दाखवायला काहीतरी असेल.

शिकवता येईल का विचारतेस, तर तू शिकवतेच आहेस, फक्त त्याला अजून आकार नाहीये. एक पद्धत सांगते, १९९२ मधे अमेरिकेतल्या फॅमिली मेडिसिनच्याच शिक्षकांनी मांडलेली, एका मिनिटाची शिकवणी म्हणून ओळखतात, अर्थात एका मिनिटात होत नाही, चार-पाच लागतात. समज इंटर्न एका बाईंना तपासून बाहेर आलाय, तीन आठवडे डोकं दुखतंय म्हणून आल्यात, आणि तो तुला विचारतो, मॅडम एमआरआय करायचा का. आपली सवय काय, आपण लगेच हो-नाही सांगून मोकळे होतो कारण बाहेर रांग असते. त्याऐवजी आधी त्याला विचार, तुला काय वाटतं, एक काहीतरी ठरव. तो म्हणेल टेन्शनची डोकेदुखी. मग विचार, कशावरून? इथे कळतं की त्याने खरंच विचार केलाय की अंदाज मारलाय. मग एकच नियम शिकव, एकच, सगळा धडा नाही, उदाहरणार्थ डोकेदुखीत धोक्याची कोणती लक्षणं विचारायचीच विचारायची. मग त्याने जे चांगलं केलं ते नेमकं सांग, 'छान' एवढंच म्हणू नकोस, 'डोळ्यांचा पडदा न सांगता बघितलास ते बरं केलंस' असं सांग. आणि शेवटी राहिलं काय ते सांग. या उदाहरणात बहुतेक वेळा राहतो तो आपला प्रश्न असतो, की तीन आठवडे दुखतंय तर आजच का आल्या? मग तो परत आत जातो आणि कळतं की शेजारच्या कोणाला तरी ब्रेन ट्यूमर निघालाय आणि बाई रात्रभर झोपल्या नाहीयेत. हा प्रश्न वॉर्डात कोणी शिकवत नाही, कारण वॉर्डात आलेला माणूस का आला हे आधीच ठरलेलं असतं.

दुसरी गोष्ट शिकवायची ती म्हणजे माहीत नसताना काय करायचं. आपल्याकडे येणारं दुखणं कच्चं असतं, नाव पडायच्या आधीचं, त्यामुळे 'आत्ता सांगता येत नाही, तीन दिवसांनी या, हे हे झालं तर त्याआधीच या' हे वाक्य म्हणजे एक तपासणीच आहे, आणि ते कधी म्हणायचं व कधी अजिबात म्हणायचं नाही हे मुलांनी तुला करताना बघायला हवं. तू स्वतः त्यांच्यासमोर म्हण की मला कळत नाहीये. पहिल्यांदा जड जातं. मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा रेसिडेंटच्या चेहऱ्याकडे बघायचंही टाळलं होतं, आणि दुपारी तोच येऊन म्हणाला की मॅडम आज पहिल्यांदा बरं वाटलं, मला वाटायचं मलाच कळत नाही.

परीक्षा, लॉगबुक, ऑस्की म्हणजे टेबलाटेबलावर फिरून द्यायची प्रात्यक्षिक परीक्षा, अभ्यासक्रमाचे फॉर्म हे सगळं असतंच, एखाद्या वर्षात हाताखालून जातं, त्याची काळजी करत बसू नकोस.

पेपरचं. एकही नाही म्हणतेस, ठीक आहे, ४१ म्हणजे काही उशीर झाला नाही, प्रश्न तुझ्याकडे पडलेले आहेत फक्त तू त्यांना प्रश्न म्हणून लिहून ठेवलेलं नाहीस. उद्यापासून टेबलावर एक वही ठेव, ओपीडी संपली की एक ओळ लिही, आज मला काय कळलं नाही. तीन महिन्यांनी ती वही वाच, दोन-तीन गोष्टी परत परत आलेल्या दिसतील, तोच तुझा विषय. माझा असाच सापडला. हॉस्पिटलातून घरी आलेले म्हातारे पेशंट, त्यांना मी म्हटलं घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा, आणि पिशवी टेबलावर उपडी केली तर तेच औषध दोन वेगळ्या नावांनी, जुनं आणि नवीन, दोन्ही चालू. त्या पिशवीने मला पुढची कितीतरी वर्षं काम पुरवलं. विषय एकच धर आणि किमान दहा वर्षं सोडू नकोस, कारण दरवर्षी नवीन विषय घेणाऱ्यांचे पेपर होतात पण कोणी त्यांना त्या विषयासाठी ओळखत नाही. ज्युलियन ट्युडर हार्ट वेल्समधल्या ग्लिनकॉरग या खाणकामगारांच्या खेड्यात डॉक्टर होता, त्याने गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं बीपी मोजायचं धरलं आणि २५ वर्षांच्या कामाचा हिशोब १९९१ मधे ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे छापला, शेजारच्या तशाच गावापेक्षा तिथलं मृत्यूचं प्रमाण कमी होतं. १९७१ मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यानेच लिहिलं होतं की चांगली वैद्यकीय सेवा जिथे सगळ्यात जास्त लागते तिथेच ती सगळ्यात कमी मिळते, हा त्याचा नियम आज जगभर शिकवतात. खेड्यातल्या डॉक्टरने लिहिलेला.

पण त्यासाठी नोंदी नीट हव्यात. निदान तरी रोज एकाच पद्धतीने लिही, बीपी 'ठीक' असं न लिहिता आकडा लिही, नाहीतर दहा वर्षांचे कागद असून काही काढता येत नाही, माझे पहिल्या सहा वर्षांचे असेच वाया गेलेत आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. आणि एक, स्वतःच्या पेशंटवर अभ्यास करायचा असेल तर एथिक्स कमिटीची परवानगी काम सुरू करायच्या आधी घे, आणि संमती तू स्वतः मागू नकोस, दुसऱ्या कोणाला तरी मागायला सांग, कारण ज्या डॉक्टरवर माणूस वर्षानुवर्षं भरवसा ठेवतो तिच्या तोंडावर तो नाही म्हणू शकत नाही. सांख्यिकीचं माणूस आधीच गाठ, डेटा गोळा करून झाल्यावर नाही. पहिला पेपर परत आला तर रिव्ह्यूअरचं पत्र दोन दिवस बाजूला ठेवून मग वाच.

प्रमोशनची गोष्ट सांगायलाच हवी, कारण इथे मी चुकले आणि माझ्यासारख्या बऱ्याच जणी चुकतात. मी जिथे होते तिथे पहिल्यांदा अर्ज केला तेव्हा कमिटीने नाकारला. आठ वर्षं शिकवत होते, अख्खा अभ्यासक्रम मी बसवला होता, पण फाइलमधे त्याचा एक कागद नव्हता, होते फक्त दोन पेपर. कमिटी मोजणार काय, जे समोर आहे तेच. त्यांचंही चुकलंच, कारण अर्नेस्ट बॉयर या अमेरिकेतल्या शिक्षणतज्ज्ञाने १९९० मधेच मांडलं होतं की नवीन शोध लावणं हे एकच विद्वत्तेचं काम नाही, वेगवेगळ्या विषयांतलं ज्ञान जोडणं, ते प्रत्यक्ष वापरात आणणं आणि शिकवणं हीसुद्धा तितकीच विद्वत्ता आहे, आणि फॅमिली मेडिसिनवाल्यांचं आयुष्य या मागच्या तिघांतच जातं. पण त्यातही अट आहे, केलेलं काम दुसऱ्याला बघता आलं पाहिजे, तपासता आलं पाहिजे, त्यावर पुढे काही रचता आलं पाहिजे. म्हणून पहिल्या दिवसापासून एक फाइल कर. घेतलेला प्रत्येक वर्ग, विद्यार्थ्यांचे अभिप्राय, तू त्यावरून काय बदललंस, कोणाला गाइड केलंस आणि तो आज कुठे आहे, सगळं. आणि पहिली तीन वर्षं कमिट्यांना नाही म्हणायला शीक. नवीन आलेली, कामसू, सगळ्यांशी गोड बोलणारी बाई दिसली की सगळ्या कमिट्या तिच्याच गळ्यात पडतात, वार्षिक स्नेहसंमेलनापासून रॅगिंगविरोधी समितीपर्यंत, आणि त्यातलं एकही फाइलमधे फारसं मोजलं जात नाही. एक घे, तुला आवडेल ती, बाकीच्यांना 'या वर्षी नाही जमणार' एवढंच म्हण, कारण देत बसू नकोस.

एकटी पडू नकोस हेही. महिन्यातून एकदा चार-सहा फॅमिली डॉक्टरांनी बसून आपल्याला जड गेलेल्या एकेका पेशंटबद्दल बोलायचं, औषधाबद्दल नाही, आपल्याला आत काय झालं त्याबद्दल. मायकेल बालिंट या मनोविश्लेषकाने १९५० च्या दशकात लंडनमधे जनरल प्रॅक्टिशनर्सबरोबर असे गट सुरू केले, अजून चालू आहेत जगभर. शिकवायला लागल्यावर याची गरज वाढते, कारण आता पेशंटबरोबर रडकुंडीला आलेले रेसिडेंटही तुझ्याच दारात येणार.

जमेल का, तर हो, जमेल. ज्या बाईला पेशंट सोडायच्या विचाराने पोटात खड्डा पडतो तिनेच हा विषय शिकवावा असं मला वाटतं.

आता आजोबा. त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आत तू स्वतः सांग, आणि तुझं ठरेल त्याच दिवशी सांग, चार महिने मनात ठेवून नाही. गर्दीच्या वेळी बोलावू नकोस, शेवटचा नंबर दे. मी कुठे असणार आहे, कुठल्या दिवशी असणार आहे, मी नसताना कोण बघणार, हे तिन्ही एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या हातात दे, आणि जमलं तर त्या दुसऱ्या डॉक्टरला त्याच वेळी खोलीत बोलावून ओळख करून दे, औषधांची यादी त्या दोघांसमोर एकदा मोठ्याने वाच. रडले तर रडू दे, घाईने समजूत घालू नकोस. आणि त्यांनी विचारलं की मुलांना शिकवायला चाललीस का, तर हो म्हण, आणि विचार त्यांना, पहिल्या बॅचची दोन मुलं तुमच्याशी बोलायला आणू का. माझ्या पेशंटमधे याला नाही म्हणणारं मला क्वचितच कोणी भेटलं.